चिंधू कोतवालाची दवंडी

चिचटोल्याला मी फसवलं. बावीस घरांच्या वस्तीला एका माणसानं, एका संध्याकाळी, एका वाक्यात. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला सांगावं तर तो आधीच सगळं जाणतो म्हणतात — मग त्याच्यापुढं तोंड कशाला वाजवू?

तुम्ही विचाराल, मग आता का? कारण आहे. पण ते मागाहून. मी सौदे करून पोट भरणारा माणूस आहे. जड माल आधी दाखवायची मला सवय नाही.

सोळा वर्षांचा असताना मी वर्ध्याकडून चांद्याला आलो, एका आडत्याच्या गोदामात पोती उचलायला. पोती उचलता उचलता तराजू कसा धरतात ते शिकलो, आणि तराजू धरता धरता समोरच्याच्या डोळ्यांत काय बघायचं ते शिकलो. पुढं आडत्याला रामराम ठोकला आणि माजरीच्या अंगाला चिचटोल्यात येऊन झोपडं बांधलं. बायका रानातून मोहफुलं, हिरडा, चारोळी आणत, ते मी विकत घ्यायचं आणि सायकलवर लादून चांद्याच्या बाजारात न्यायचं — हा माझा धंदा. वीस वर्षं केला. झोपड्याचं कौलारू घर केलं. कुणाचा एक दाणा फुकट घेतला नाही.

पण टोल्यातल्या माणसांबद्दल मला मनातून तिटकारा होता, हे आधीच सांगून टाकतो. काय माणसं! भाव सांगायच्या आधी हो म्हणणारी. मी घासाघीस करायच्या तयारीनं बसावं, आणि समोरच्या बाईनं टोपली उपडी करून म्हणावं, "दे बाप्पा, काय द्याचं ते." असल्या माणसाशी सौदा तरी काय करायचा? त्यांचा हा भोळेपणा मला अपमानासारखा वाटे. मी घाम गाळून जी विद्या शिकलो, तिची यांना किंमतच नव्हती.

आणि एक सल होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

टोल्याच्या दक्षिणेला पडीत जमीन होती, तिच्या कडेला बोडी. बोडी म्हणजे लहानसा तलाव, उन्हाळ्यातही गुडघाभर पाणी धरणारा. त्या पडितात मोहाची झाडं. जमीन मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, पण झाडं घरांची. कागद नाही, खूण नाही, कुंपण नाही. रीत एवढीच की फागुन लागला की ज्या घराचं झाड, त्या घरची बाई जाऊन बुंध्याखालचा पाचोळा झाडून घेते, पेटवते, जमीन हातानं सारवल्यासारखी लख्ख करते. मग फुलं पडतात ती त्या साफ जागेवर, आणि ती तिची. जिथं बुंधा साफ, तिथं धनी आहे. जिथं पाचोळा, ते झाड वाऱ्यावरचं. दुसऱ्यानं साफ केलेल्या बुंध्याखालचं एक फूल कुणी उचलत नसे. अख्ख्या टोल्यात कुलूप नव्हतं, पण ही रीत कुणी मोडलेली मी पाहिली नाही.

बावीस घरांपैकी एकवीस घरांना झाड होतं. बाविसावं घर माझं.

वीस वर्षं! त्यांच्या लग्नांत मी पंगती वाढल्या, त्यांच्या मयतांना खांदा दिला, त्यांच्यासाठी तहसिलीत अर्ज लिहिले. पण झाड नाही. मोहफुलांची मला ददात नव्हती, मी पोत्यांनी घेत होतो. मला झाड हवं होतं ते... कशासाठी? सरळ सांगतो. ते मला आपला म्हणत नव्हते, म्हणून.

मालगुजारी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बातमी आली की खाणवाली कंपनी त्या पडितावर मजुरांसाठी क्वाटरं बांधणार. ओळीनं चाळी, मध्ये रस्ते, बोडीच्या काठाला साहेबाचा बंगला. माणसं येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली, एक रेघ पार्बताबाईच्या मोहाच्या बुंध्यावरूनच गेली. पार्बताबाई म्हणजे टोल्यातली सगळ्यात म्हातारी बाई. मूल ना बाळ, नवरा कधीचाच गेलेला, आणि दोन मोह. तेच तिचं शेत, तेच तिचे मुलगे.

चिचेखाली, म्हणजे टोल्यातल्या चिंचेखाली, सगळे जमले. असा गोंधळ मी बाजारातही ऐकला नाही.

"क्वाटरात संडास घरातच राह्यते म्हन्ते."

"घरात? मंग जेवते कुठी?"

"तेच घान पानी उतारानं बोडीत येईन ना गा! ढोरं काय पितीन?"

"अन् बाया आंघोळीले कुठी जातीन? बंगल्यातून साहेब दुर्बीन लावून पाह्यते काय?"

"बिलासपूरचे येतीन, तेलंगी येतीन, कोन कोठचे. पोरीईले पान्याले धाडाची सोय नाई राह्यनार."

"अन् मोह? मोह तोडतीन काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अर्ज लिहिणारा, साहेबाशी बोलणारा, घासाघीस करणारा — मीच ना?

पार्बताबाई म्हणाली, "मादेवभाऊ, तूच बोल बाप्पा साहेबासंगं. तुह्या जिभेले हाड नाई."

लोक हसले. मीही हसलो. आणि वेळ साधून म्हणालो, "बोलतो. पन मंग येंदा मलेही एक झाड द्या. बोडीजवळचं ते तरनं मोह, कोनीच साफ करत नाई ते."

मागायची ती वेळ होती का? होती. सौदा असाच करतात — समोरच्याला गरज असताना. पण पार्बताबाईनं माझ्याकडं नवलानं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"तुले कायले झाड पायजे रे? झाडाखाली वाकाले कंबर लागते. तू तं बेपारी मानूस, तू बसून घेतेस. बुंधा झाडाले तुही बायको येईन काय पुन्याच्या रानीवानी?"

माझी बायको वर्ध्याची, पुण्याचा काही संबंध नाही. पण सगळी चिच हसली. पोरंसोरं हसली. चिंधू कोतवाल — दवंडी पिटणारा, सरकारी निरोप आणणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस — तोही दात काढून हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आज मला ते कळतं. तेव्हाही कळत होतं, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. पण माझं डोकं फिरलं की मी शांत होतो. बायकोला विचारा. मी ओरडतो तेव्हा घाबरायचं कारण नसतं.

मी शांतपणे म्हणालो, "बरं. जातो मी उद्या."

गेलो. नायब तहसीलदार तरुण होता, आणि — याचंच तर नवल — भला होता. त्या दिवसांत पडीत जमिनींवर गावांचा निस्तार लिहून घेणं चाललं होतं. निस्तार म्हणजे चराई, सरपण, मोहफुलं वेचणं, असले पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क. त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "हे बघा, कंपनीला दोन जागा दाखवल्या आहेत. एक तुमचं पडीत, दुसरी नाल्यापलीकडची मुरमाड. त्यांना तुमची हवी, कारण पाणी आहे. पण तिथं गावाची वहिवाट दिसली तर मी निस्तार लिहीन, आणि मग त्यांना मुरमाडावर जावं लागेल. मी इथलाच आहे, मोहाची रीत मला माहीत आहे. येत्या बुधवारी येतो. बुंधे साफ दिसले की झालं. तोंडी साक्षी काय, कंपनीही चार आणेल."

इतकं सोपं होतं. घासाघीस नाही, वकील नाही, लाच नाही. टोल्यात जाऊन एवढंच सांगायचं होतं — बायांनो, झाडू घ्या, बुधवारच्या आत बुंधे लख्ख करा. तसंही फागुनाचे दिवस होते, आज ना उद्या त्या करणारच होत्या.

सायकल हातात धरून मी परत येत होतो. नाल्याच्या काठाला चिंधू भेटला, खांद्याला डफडं अडकवून. दुसऱ्या गावची दवंडी देऊन येत होता. म्हणाला, "मादेवभाऊ, काय म्हने साहेब?"

आणि मी म्हणालो, "साहेबाचा हुकूम हाय. फैसला होयेपर्यंत मोहाखाली कोनी हात लावाचा नाई. बुंधा झाडाचा नाई, फूल वेचाचं नाई. लावला तं खटला. आज सांजच्याले दवंडी दे."

असं मी ठरवून आलो होतो का? नाही. अर्ध्या वाटेपर्यंत काही ठरलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आलं. पण एक गोष्ट बघा — मी टोल्यात जाऊन हे स्वतः सांगितलं असतं, तरी चाललं असतं. त्यांनी माझं ऐकलंच असतं. चिंधूच्या तोंडून का वदवलं? डोकं फिरलेलं असतानाही माझ्या आतला बेपारी जागा होता. आपली सही कुठं उमटणार नाही हे तो बघत होता.

त्या संध्याकाळी डफडं वाजलं. चिंधूनं एक शब्द गाळला नाही, एक शब्द जोडला नाही. लिहिता येत नसलेल्या माणसाचे कान असे असतात. हुकूम ऐकून बाया माझ्या दारात आल्या. "मादेवभाऊ, खरं हाय काय गा?"

"मले साहेब एवढंच म्हने का बुधवारी पाहाले येतो. पन चिंधू सांगते तं खरंच असन," मी म्हणालो. "सरकारी मानूस हाय तो."

ते आठ दिवस मी विसरलेलो नाही. मला वाटलं होतं, कोणी तरी मोडेल. एकवीस घरांत एखादी तरी अशी असेल ना, जी म्हणेल हुकूम गेला खड्ड्यात, माझं झाड मी झाडणार? मी तर तेच केलं असतं! पण नाही. मोह झडू लागला. फुलं पाचोळ्यात पडत होती, कुजत होती, आंबूस गोड वास थेट घरात येत होता. गाई खाऊन झिंगत होत्या. आणि बाया लांब उभ्या राहून बघत होत्या. पार्बताबाई रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन आपल्या झाडापर्यंत जाई, पाचोळ्याच्या अलीकडं बसे, ऊन चढलं की उठून येई. हात लावत नसे. हुकूम होता ना!

मला त्यांची कीव यायला हवी होती. मला किळस आली. इतकं कसं कोणी ऐकतं? हीच का ती माणसं, जी मला हसली?

मंगळवारी वेळ होती. एक शब्द पुरला असता. मी बोललो नाही. उलट सगळ्यांना सांगितलं, उद्या साहेब येते, गर्दी केली तर चिडते, तुम्ही घरीच रहा, मी पाहतो.

बुधवारी दुपारी साहेब पटवाऱ्याला घेऊन आला. पाचोळ्यातून करकर आवाज करत झाडाझाडाखाली फिरला. दोनदा वाकून त्यानं पानं बाजूला केली. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "एकही बुंधा साफ नाही. अहो, आता इथं कोणी वेचत नाही का?" त्याच्या आवाजात खरोखर वाईट वाटल्यासारखं होतं. त्याला हक्क लिहायचा होता हो! तो तर त्यासाठी उन्हातून आला होता. मी खाली मान घातली. पटवाऱ्यानं लिहिलं — पडीत, वहिवाट नाही.

आता तुम्हाला वाटेल की कबुली झाली. ही ती नव्हे. हे मी कधीतरी कुणाला सांगूनही टाकलं असतं — चिडलो होतो, डोकं फिरलं होतं, माणूस आहे. पुढचं सांगता येत नाही.

पावसाळ्याआधी कंपनीची माणसं करवती घेऊन आली. टोला घाबरून तहसिलीत धावला, मलाच पुढं घालून. तो तरुण साहेब बदलून गेला होता. नव्या बाबूनं कागद चाळले आणि सांगितलं, "असा कुठलाच हुकूम इथून गेलेला नाही. तुम्हीच झाडं सोडलीत. आता निस्तार कसला?"

त्याच दिवशी चिचेखाली चिंधूला मध्ये उभं केलं. पार्बताबाईनं विचारलं, "चिंध्या, हुकूम कोनं सांगतला तुले?"

चिंधूनं बिनधास्त बोट केलं. "मादेवभाऊनं. नाल्यापाशी."

सगळे माझ्याकडं वळले. वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं. मी उभा राहिलो — आणि ऐका, मी काय म्हणालो ते. मी म्हणालो, "नाल्यापाशी मी तुले भेटलोच नाई. कंपनीवाल्याईची दारू कितीक पेलास रे चिंध्या?"

चिंधू पीत नव्हता. सगळ्या टोल्याला ठाऊक होतं. पण कंपनी, दारू, कोतवाल — हे तीन शब्द शेजारी ठेवले की लोकांचं मन आपसूक पुढचं जोडून घेतं. मालाची पारख असते तशी मला लोकांच्या मनाची पारख होती. चिंधू तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत राहिला, जशी एखादी गाय दाव्याला हिसका बसल्यावर बघते. मग म्हणाला, "पन भाऊ..." आणि थांबला. त्यालाच शंका आली. माझ्यासारखा माणूस चारचौघांत इतक्या ठामपणे खोटं बोलेल, हे त्याच्या डोक्यात बसेना. स्वतःचे कान खोटे असतील, हे बसलं.

टोल्यानं त्याला विस्तव बंद केला, पाणी बंद केलं. कोतवाली गेली. पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. मोह तुटले, त्याच महिन्यात एका पहाटे चिंधू बायकापोरांना घेऊन गडचिरोलीकडं सासुरवाडीला निघून गेला. पार्बताबाई दोन पावसाळे जगली. शेवटपर्यंत तिच्या तोंडात एकच शिवी होती, आणि ती चिंधूच्या नावानं. त्या शेवटच्या दिवसांत तिला पेज मी नेऊन देत होतो. "तू होतास म्हून, मादेवभाऊ," असं ती म्हणे. मी वाटी तिच्या हातात देत असे आणि ऐकून घेत असे.

क्वाटरं झाली. बोडीत सांडपाणी येतं, टोल्यातली सगळी भाकितं खरी झाली, फक्त दुर्बीण कुणी लावली नाही. तिसऱ्या ओळीच्या टोकाला माझं दुकान आहे. चांगलं चालतं.

आता ते कारण. गेल्या महिन्यात गडचिरोलीच्या बाजारात हिरडा बघायला गेलो होतो. मागून कुणीतरी हाक मारली. चिंधू. केस पांढरे, डोक्यावर दुसऱ्याचं पोतं. मला वाटलं, आता हा चारचौघांत माझी गचांडी धरणार. धरायला हवी होती. त्यानं पोतं खाली ठेवलं, मला वाकून रामराम केला आणि हळूच विचारलं, "भाऊ, एक पुसू काय? रागावू नोका. त्या रोजी नाल्यापाशी तुमी मले सांगतलं होतं ना? का म्या सपनात आयकलं? बायको म्हन्ते का मले भुतानं झपाटलं होतं. मले सांगा बाप्पा. मी कोनाले नाई सांगत."

तेवढंच हवं होतं त्याला. झाड नको, कोतवाली नको, टोलाही नको. फक्त एक ‘हो’. बाजारात त्या ‘हो’ला काय भाव पडला असता? काही नाही. फुकट होतं.

मी म्हणालो, "भास झाला असन चिंधू. उन्हाचे दिवस होते."

तो मान हलवून म्हणाला, "तसंच असन," आणि पोतं उचलून गेला.

चिंधू, तुझे कान शाबूत आहेत. नाल्याच्या काठी मी सायकल धरून उभा होतो, ‘साहेबाचा हुकूम हाय’ हे शब्द माझे होते, आणि तू ते जसेच्या तसे ऐकलेस. तुला कोणी झपाटलं नव्हतं.

आणि चिचटोल्याच्या माणसांनो, जी काही उरली असाल ती — तुम्ही जाब मागितलात तो दवंडी देणाऱ्याकडून, आणि त्यानं घरदार देऊन तो भरला. हुकूम बनवणारा अजून मोकळा आहे, तुमच्याच वाटेवर दुकान थाटून बसला आहे. आपल्या पायांनी तो तुमच्यापुढं येणार नाही. गडचिरोलीच्या बाजारात त्याला संधी होती, त्यानं काय केलं ते वर लिहिलं आहे. तेव्हा तुम्हीच या. चिंधूला बोलावून आणा, पुढं बसवा, मला दुकानातून ओढून काढा, आणि त्याच्यासमोर माझ्याकडून जाब घ्या.